सुरी कोणाच्या आवडीची?

रोजच्या स्वयंपाकास कोणती सुरी पसंत करावी, हा प्रश्न नीतिशास्त्रात मोडतो असे वर्षभरापूर्वी मला कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. आज तोच प्रश्न मी गंभीरपणे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या घरी आजीच्या वेळेपासूनची एक विळी आहे. लाकडी पाट, त्यावर उभे वाकलेले पाते आणि टोकाला नारळाची खवणी. सुरीने चिरताना एक हात हत्यारातच गुंततो. विळीचे पाते स्थिर असल्यामुळे दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. कोबी बारीक चिरावा तो विळीवरच, असा आमच्या घरचा सिद्धांत होता. सिद्धांताचा पुरस्कार मी करीत असे. कोबी सौभाग्यवती चिरीत असत.

एके दिवशी त्यांनी ओट्याशी उभे राहून चिरता येईल अशी सुरी आणण्याचा विषय काढला. मी तत्काळ ग्रीकांना साक्षीस बोलाविले. द्राक्षवेल कोणत्याही सुरीने कापता येते, परंतु त्यासाठीच घडविलेल्या कोयत्याने ती उत्तम कापली जाते, असे प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो; वस्तूचे चांगलेपण तिच्या नियत कार्यात असते. ॲरिस्टॉटलने तर ‘राज्यशास्त्रा’च्या आरंभीच, अनेक कामे एकाच हत्यारावर भागविणाऱ्या डेल्फीच्या सुरीला नावे ठेविली आहेत. हे सारे शांतपणे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, विळीचा अभिमान तुमचा; पण गुडघे माझे आहेत.”

यावर ग्रीकांकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः विळीवर बसलो. एक कोबी चिरून उठताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याच सायंकाळी आम्ही दोघे बाजारात गेलो.

दुकानात माझी दृष्टी लांब, चकचकीत पात्यांवर खिळली. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. त्या पोलादाची सुरी म्हणजे उत्तम सुरी, असे माझे पुस्तकी मत. सौभाग्यवतींनी पात्याकडे फारसे पाहिलेच नाही. एकेक मूठ हातात घेऊन त्यांनी मनगट हलवून पाहिले, दोन सुऱ्या परत ठेविल्या व एक लहान, हलकी सुरी निवडली. “धार काय, दगडावर लावता येते, मूठ हाताला बसली पाहिजे,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या युक्तिवादातील उणीव त्या वाक्यात उघडी पडली. हत्याराचे कार्य एकट्या हत्याराचे नसते. ते हाताचेही असते, आणि हात व गुडघे म्हातारे होतात.

च्वांग त्झू या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एका आचाऱ्याची कथा आहे. त्याची सुरी १९ वर्षे वापरूनही नुकतीच पाजळल्यासारखी होती. कारण तो हाडांवर घाव न घालता सांध्यांतील पोकळीतून ती नेई. त्या सुरीचा अभिमान त्याला शोभे, कारण ती १९ वर्षे त्याच्याच हातात होती. माझा अभिमान मात्र केवळ पाहणाऱ्याचा होता.

जुन्याचे प्रेम वाईट असे मी म्हणत नाही. परंतु ज्या परंपरेचा गौरव आपण करतो, तिचे कष्ट कोण उपसतो, हे विचारल्यावाचून तो गौरव प्रामाणिक ठरत नाही. आवड दाखविण्याचा पहिला हक्क कष्ट करणाऱ्याचा. इतरांनी आपली आवड सांगण्यापूर्वी त्या कामाला थोडा हात लावावा.

विळी आम्ही टाकून दिलेली नाही. नारळ खवण्याचे काम आता माझ्याकडे आहे. खोबऱ्यात करवंटीचा काळा अंश येतो, अशी तक्रार अधूनमधून होते. तरीही, ‘ही विळी माझ्या आवडीची आहे’, हे वाक्य मी आता पूर्वीपेक्षा थोड्या अधिक अधिकाराने उच्चारू शकतो.