कमरेचं सोडून ट्रेमध्ये

माणसाची अब्रू नेमकी कुठं असते, यावर मी आजवर फारसा विचार केला नव्हता. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता. तिथं ‘गुडविल’ नावाची एक चीज होती. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहायची आणि तिला हात लावून बघता येत नाही, एवढंच सरांनी सांगितलं होतं. अब्रूचंही तसंच काहीतरी असावं, अशी माझी समजूत. पुढं बँकेत चिकटलो. तिथं अब्रूपेक्षा सहीला किंमत जास्त. त्यामुळं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुण्याच्या विमानतळावर, एका हातात स्वतःची विजार आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचा ट्रे धरून उभा राहीपर्यंत हा प्रश्न माझ्यापुढं असा उघड्यावर आला नव्हता.

विजार धरण्याचं कारण असं, की पट्टा काढायला लावला होता. वीस-बावीस वर्षं खुर्चीवर बसून माझ्या पोटाला जो आकार आला आहे, त्यावर कुठलंही वस्त्र स्वतःच्या हिमतीवर टिकत नाही. निर्लज्ज माणसाबद्दल आपल्याकडं ‘त्यानं कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं’ असं म्हणतात. इथं कमरेचं सोडून ट्रेमध्ये ठेवायचं होतं. आणि तेही सरकारी हुकमानं, रांगेत उभं राहून, आपला नंबर आल्यावर.

झालं होतं असं, की दिल्लीला माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. आई आधीच रेल्वेनं पुढं गेली होती. बारशाला अण्णांना घेऊन जायची कामगिरी माझ्याकडं आली. अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. बँकेनं रजा दिली ती मोजून चार दिवस, म्हणून विमान. आमच्या धाराशिवातून प्रवाशांचं विमान सुटत नाही, म्हणून आधी रात्रीच्या एस.टी.नं पुणं.

डिसेंबरचा महिना. दिल्लीच्या थंडीची आईनं फोनवरून इतकी दहशत घातली होती, की सौभाग्यवतीनं अण्णांना धाराशिवातच दिल्लीसाठी बांधून तयार केलं. आत बनियन, त्यावर कोपरी, कोपरीवर सदरा, सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर जाकीट, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी. खाली धोतर. एवढ्या तटबंदीत अण्णा कुठंतरी आत होते, हे त्यांच्या खोकल्यावरून कळायचं.

दारातच पहिला मुक्काम. जवानानं ओळखपत्र मागितलं. ते बघायचा, अण्णांकडं बघायचा, परत ओळखपत्र बघायचा. त्याची काही चूक नव्हती. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. अण्णांच्या कार्डावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव, आणि कार्डावरचा फोटो असा, की तो दोन्ही नावांच्या आधीचा वाटावा. शेवटी अण्णांनी टोपी काढून दाखवली. खालचं टक्कल फोटोशी जुळलं आणि आम्ही आत गेलो.

मग ती रांग. माझ्या पुढं एक सुटाबुटातले गृहस्थ होते. फोनवर कुणाशी तरी व्यवहार चालला होता, आणि ते दोन कोटींच्या खाली यायला तयार नव्हते. ट्रे समोर आला. कोट निघाला, घड्याळ निघालं, पाकीट निघालं, पट्टा निघाला. जवानानं बूटही काढायला सांगितले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी चांगलं रुपयाएवढं भोक होतं. दोन कोटींचा आवाज एकदम दोन हजारांवर आला. मला आसुरी आनंद झाला, हे कबूल करतो. पण लगेच माझ्या स्वतःच्या मोज्यांची आठवण झाली आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

हा सगळा खटाटोप येतो कुठून, हे मी परत आल्यावर जरा वाचून काढलं. १९७८ च्या डिसेंबरात दोघाजणांनी आपलं एक प्रवासी विमान पळवून वाराणसीला उतरवलं. त्यांच्यापाशी होतं काय, तर खेळण्यातली पिस्तुलं आणि एक क्रिकेटचा चेंडू! पुढं ते दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले, हे वाचून माझा तर आमच्या शाखेतल्या पदोन्नतीच्या नियमांवरचा विश्वासच उडाला. मग २००१ च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एक माणूस बुटात स्फोटकं घालून बसला. ती पेटली नाहीत. विमानातल्या लोकांनी त्याला धरून बांधून ठेवलं. पण अमेरिकेत २००६ पासून जवळपास सगळ्याच प्रवाशांना बूट काढायची सक्ती झाली, ती जुलै २०२५ मध्ये उठली. म्हणजे एका माणसाच्या न पेटलेल्या बुटापायी कोट्यवधी माणसं एकोणीस वर्षं मोज्यांवर उभी राहिली.

बँकेतल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कुठल्या तरी शाखेत एखादा गृहस्थ खोटी सही करतो, आणि दुसऱ्या महिन्यात परिपत्रक येऊन हजारो खऱ्या सह्या करणाऱ्यांना तीन-तीन वेळा सही करावी लागते. लबाड एकदाच पकडला जातो. त्याचं व्याज मात्र प्रामाणिक माणसं जन्मभर भरत राहतात.

असो. अण्णांचा नंबर आला. जाकीट आणि मफलर ट्रेमध्ये गेले. अण्णा त्या चौकटीतून निघाले आणि चौकट किंचाळली. जवानानं त्यांना बाजूच्या पाटावर उभं केलं आणि हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं. छातीपाशी पीं! स्वेटर वर केला, सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं पत्र्याचं घर निघालं. पुन्हा यंत्र, पुन्हा पीं! सदऱ्याखालून कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. पुन्हा पीं! कोपरीच्या चोरखिशातून चुन्याची डबी. आता संपलं म्हणावं, तर तरीही पीं. शेवटी कळलं, की तो चोरखिसा सेफ्टी पिनेनं बंद केलेला होता. खिसेकापूंपासून रक्षण करायला ठेवलेल्या पिनेनंच सरकारला वर्दी दिली होती. आणि कमरेचा चांदीचा करदोडा अजून बाकीच होता.

कांदा सोलावा तसे अण्णा सोलले जात होते, आणि डोळ्यांत पाणी यायची वेळ माझ्यावर आली होती, पण लाजेनं. मागं रांग तुंबली होती. दोन कोटीवाले गृहस्थ पट्टा चढवता चढवता आमच्याकडं बघत होते. तेवढ्यात पलीकडच्या यंत्रावरनं आवाज आला, “ये झोला किसका है?”

झोळा अण्णांचा होता. त्यात चंची, आणि चंचीत अडकित्ता. पितळी मुठीचा, घोड्याच्या तोंडाचा. माझ्या आजोबांचा.

“ये अंदर नहीं जाएगा,” जवान म्हणाला.

आणि मी चटकन म्हणालो, “फेक दो साब. पुराना है.”

अण्णा काही बोलले नाहीत. हात आडवे पसरून पाटावर तसेच उभे होते. उजवा हात खांद्यातून पुरता उचलत नाही. तो अर्ध्यावरच होता. यंत्रवाल्या जवानानं ते बघितलं असावं. “रहने दीजिए बाबूजी,” म्हणत त्यानं तो हात हळूच खाली घेतला आणि स्वतःच वाकून यंत्र फिरवलं. मग अडकित्त्याकडं बघत मला म्हणाला, “घर की चीज़ लगती है. काउंटर पर जमा करा दीजिए, दिल्ली में मिल जाएगी. टाइम है अभी.”

वेळ होता. पाऊण तास होता. मला फक्त तिथून निघायची घाई झाली होती.

मी झोळा घेऊन उलटा गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आधी अडकित्त्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. पण झोळ्याला चिठ्ठी लावून तो आत सोडला. परत रांग, परत ट्रे, परत विजार हातात. या खेपेला मला लाज वाटली नाही. लाजेचा साठा मघाशीच संपला होता.

पलीकडं अण्णा खुर्चीवर बसून एकेक थर परत चढवत होते. मी म्हणालो, “अण्णा, फार त्रास दिला हो त्यांनी तुम्हाला. या वयात एवढे कपडे उतरवायला लावायचे म्हणजे…”

“त्यात काय?” अण्णा म्हणाले, “वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात सदरा-बनियन काढूनच जातो की आपण. तिथं तुझी अब्रू गेली होती काय?”

“तिथं देव असतो, अण्णा.”

“इथं शंभर-दीडशे माणसं असतात,” अण्णा मफलर गुंडाळत म्हणाले. “त्या पोरानं त्याचं काम केलं. त्यानं विचारलं, हे काय आहे. तू म्हणालास, फेकून द्या.”

एवढंच बोलून त्यांनी चुन्याची डबी कोपरीत घातली आणि पिन लावली. खिसा बंद झाला, विषयही बंद झाला.

विमानात दोन तास खिडकीबाहेर बघण्यासारखं ढगांशिवाय काही नव्हतं. म्हणून मी आत बघितलं. दर नोव्हेंबरात आमच्या खिडकीशी पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला! समोर उभ्या असलेल्या, चालत आलेल्या, खोकणाऱ्या, माझ्याशी भांडणाऱ्या माणसाकडं मी तो जिवंत असल्याचा पुरावा मागतो. २०१४ पासून हे काम यंत्रावरही होतं. पण अण्णांच्या पिढीला खिडकीशी येऊन जिवंत राहण्यातच समाधान. खुद्द अण्णाही येतात. मी त्यांना “इथं सही करा” म्हणतो. सकाळी ज्यांच्या पाया पडून घराबाहेर पडलो, ते दुपारी हयात असल्याची खात्री करून घेतो. नियम आहे.

काही वर्षांपूर्वी खेड्यावरचे एक म्हातारे पैसे काढायला आले होते. सही जुळेना. हात थरथरत होता. मी स्लिप परत केली. त्यांनी पुन्हा केली, मी पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा मी मान वरही केली नाही. तेव्हा ते खिडकीतून आत वाकून म्हणाले, “सायेब, सही बदलली आसंल, पर मी तोच हाय.” मागच्या रांगेतले लोक हसले. मीही हसलो, कारण वाक्य विनोदी होतं. घरी येऊन सांगितलंसुद्धा. तेव्हा अण्णा हसले नव्हते, हे मला विमानात आठवलं.

सही तपासणं चूक नव्हतं. उद्या कुणी दुसऱ्याच म्हाताऱ्यानं त्यांचे पैसे नेले असते, तर तेच मला विचारायला आले असते, आणि बरोबरच होतं ते. ज्याची ठेव आहे, त्याच्यासाठीच तर तपासायचं. पण तपासताना मान वर करायला परिपत्रकाची मनाई नव्हती. बाकावर बसवून पाणी दिलं असतं, अंगठा घ्यायची व्यवस्था सांगितली असती, तर नियम मोडला नसता. अंगावरून यंत्र फिरवणं नियमात असतं. दुखरा हात धरून खाली घेणं कुठल्याही नियमात नसतं. ते ज्याचं त्यानं पदरचं घालायचं असतं.

माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची २००९ साली दिल्लीत एका परदेशी विमान कंपनीच्या लोकांनी झडती घेतली. २०११ साली न्यूयॉर्कला तर विमानात बसल्यावर त्यांचं जाकीट आणि बूट तपासायला मागून नेले. दोन्ही वेळा देशात संताप झाला, दोन्ही वेळा पलीकडून दिलगिरी आली. २००९ ची गोष्ट तर कलामांनी स्वतः होऊन बोलूनही दाखवली नव्हती. मला तेव्हा त्यांचा हा स्वभाव भिडस्त वाटला होता. आता वाटतं, ज्या माणसाला आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असतं, त्याचं जाकीट काढून नेलं तरी जातं ते फक्त जाकीटच. माझी गोष्ट वेगळी होती. पट्टा निघाल्याबरोबर माझं जे काही होतं ते घसरायला लागलं, आणि ते सावरायच्या गडबडीत मी बापाचा अडकित्ता फेकायला निघालो.

दिल्लीला उतरलो. सामान येण्याच्या जागी तो काळा पट्टा फिरत होता. मोठमोठ्या, चकचकीत, चाकांच्या बॅगा डौलात येत होत्या. त्या सगळ्यांच्या मधून, अंगाला चिठ्ठी लावलेला, खादी भांडाराचा एक मळका झोळा एकटाच ऐटीत येताना दिसला. दोन कोटीवाले गृहस्थ शेजारीच उभे होते. “हा तुमचा?” त्यांनी विचारलं.

“आमचा,” मी म्हणालो, आणि जरा मोठ्यानंच म्हणालो.

अण्णांनी चंची उघडली, अडकित्ता काढून दोनदा उघडमीट करून बघितला आणि तिथंच एक सुपारी कातरली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले,

“आता तो पट्टा घाल बाबा. पुण्यापासनं एका हातानंच चालतोयस.”

पट्टा कुठं होता? पुण्याला, दुसऱ्या खेपेच्या ट्रेमध्ये.