दामाजींचं कोठार

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ लागता लागता जिममधल्या ट्रेनरने मला हात जोडले. "काकू, एक तर वारी करा, नाही तर मसल वाढवा. एवढा कार्डिओ केलात तर कमावलेलं सगळं जाईल." चोवीस-पंचवीसचा मुलगा आहे, जीव तोडून शिकवतो. त्याच रात्री पोळ्या करताना सासूबाई म्हणाल्या, "माळकरी बाईनं मांस चढवायच्या मागं लागावं? ठेवून जायचाय गं हा देह." एकाला माझं चालणं खटकत होतं, दुसरीला माझं उचलणं. दोघांचाही माझ्यावर जीव आहे, म्हणून ती रात्र जड गेली.

मी सासवडला शाळेत गणित शिकवते. वय ५३. लग्नानंतर माळ घातली आणि आजवर अकरा वाऱ्या झाल्या. एकोणपन्नासाव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडं विरळ झाली आहेत, स्नायूही उतरणीला लागले आहेत, वजनं उचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठ किलोचं डंबेल छातीशी धरून बैठका मारण्यापासून सुरुवात केली. दीड वर्षात जमिनीवरून ५२ किलो उचलू लागले. शिंप्याच्या टेपने मांडी मोजते. ती अडीच सेंटिमीटरने वाढली होती.

ट्रेनरची भीती पोकळ नव्हती. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन नावाचे एक संशोधक होते, स्वतः वजनं उचलणारे. सेंट लुइसच्या प्रयोगशाळेत ते जॉन होलोझींच्या हाताखाली शिकायला गेले आणि गुरूंबरोबर रोज धावू लागले. थोड्याच दिवसांत आपलं अंग उतरतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी १९८० साली प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने दहा आठवडे फक्त वजनं उचलली, दुसऱ्याने फक्त दमाचा व्यायाम केला आणि तिसऱ्याने दोन्ही केलं, तेही जवळजवळ रोज. तिसऱ्या गटाची ताकद साधारण सात आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी शेवटी उतरली. दम मात्र भरपूर वाढला. पुढे पेशींमधलं कारणही शोधलं गेलं. एमटॉर नावाचं प्रथिन पेशीला 'बांध' म्हणून सांगतं, तर एएमपीके नावाचं दुसरं इंधन कमी पडलं की 'आवर' म्हणतं. माणसाच्या शरीरात हे भांडण वाटलं होतं तितकं सरळ नाही, हेही नंतर दिसलं. बेताने केलं तर दोन्ही व्यायामांनी स्नायूंच्या वाढीला फारसा धक्का लागत नाही. झटक्यात लावायची ताकद तेवढी थोडी मागे राहते, आणि तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत उरकले तर.

व्यायामाचा प्रश्न इथे बराचसा सुटतो. माझा प्रश्न सासूबाईंनी विचारलेला होता. अंगावर मांस चढावं ही इच्छाच लोभ आहे का?

आम्ही वारकरी देहाबद्दल दोन तोंडांनी बोलत आलो आहोत. तुकोबांच्या गाथेत देहाची निंदा आहे आणि त्याच देहाचे उपकारही आहेत. कीर्तनात निंदा जास्त ऐकू येते. मीही वर्षानुवर्षं मान डोलावली. पण स्नायू शरीरात नेमकं काय करतो हे वाचलं, तेव्हा ती मान थांबली. उपास लांबला, मोठं आजारपण आलं, की शरीर स्नायूंतलं प्रथिन मोडायला घेतं. त्यातली अमिनो आम्लं यकृताकडे जातात, तिथे त्यांची साखर होते आणि ती मेंदूला पोचते. जखम भरायला, रोगाशी लढायलाही तिथूनच रसद निघते. मांडीवर चढलेलं मांस नुसतं मांडीचं नसतं. ते अडीअडचणीचं कोठार असतं.

कोठार म्हटलं की मला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली आणि त्यांची भरपाई करायला विठ्ठल महाराचं रूप घेऊन बेदरला गेला, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. आपण त्यांचं औदार्य आठवतो. मला आता त्याआधीची वर्षं आठवतात. कुणीतरी पेरलं, मळलं, पोती मोजून आत रचली, उंदीर-घुशींपासून राखलं. रिकामं कोठार उघडून दामाजींनी कुणाला काय दिलं असतं? आणि ते धान्य त्यांचं नव्हतंच, ते फक्त राखणदार होते. देह माझा नाही हे सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तो ओस ठेवायचा अधिकारही मला नाही, असं मला वाटतं.

ट्रेनरने हात जोडले त्या वर्षी मी कुणाचंच ऐकलं नाही आणि नीट विचारही केला नाही. पहाटे आठ किलोमीटर चालून लगेच जिमला जायचे, जेवण नेहमीचंच. पंढरपूरहून परतले तेव्हा तीन किलो उतरले होते आणि ५२ चे ४२ उचलताना दम लागत होता. कोठाराचं दार उघडं टाकून मी आत पोती भरत होते.

पुढच्या वर्षी चैत्र-वैशाख वजनांना दिले. आठवड्यातून तीन दिवस उचलणं, चालणं जेमतेम. ज्येष्ठात चालणं वाढवलं आणि वजनं दोनच दिवस, तीही शाळा सुटल्यावर संध्याकाळी. मिळवलेली ताकद राखायला ती मिळवण्याच्या मानाने फार थोडी मेहनत पुरते, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. ताटात मटकीची उसळ, दही, पनीर वाढलं. पिशवीत फुटाणे आणि सातूचं पीठ घेतलं. पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा बहुतेक वर्षी एकादशीलाच येतो. दिवे घाटाची चढण आणि पोटात उपास. शेंगदाण्याचे लाडू खात घाट चढले. माथ्यावर पोचल्यावर पायांत अजून काही शिल्लक होतं. कोठार त्या दिवशी उघडलं आणि ते उघडण्यासाठीच भरलेलं होतं. त्या चढावर मला देहाचा जेवढा विसर पडला, तेवढा तो अशक्त असताना कधी पडला नव्हता. दुखणारा देह सारखा स्वतःकडे बोलावतो.

माघात सासूबाई पलंगावरून घसरून जमिनीवर बसल्या. घरात मी एकटी. टाचा रोवल्या, पाठ सरळ ठेवली, त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. चार दिवसांनी म्हणाल्या, "मला पण दाखव काहीतरी." आता खुर्चीतून हात न टेकता उठतात, दहा वेळा, प्रत्येक वेळी 'विठ्ठल' म्हणत. वय ८१.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. द्वादशीला पारणं फेडल्यावर मी टेपने मांडी मोजते. आकडा वाढला असला की आनंद होतो आणि तो आनंद राखणदाराचा की मालकाचा, हे मला ओळखता येत नाही. मोजणं बंद करून पाहिलं, तर दिवसभर तेच मनात होतं. म्हणून टेप पुन्हा बाहेर काढली आहे. गेल्या द्वादशीला सासूबाईंनी तिचं दुसरं टोक धरलं.