डोळ्यावर न येणं

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. मी तयारीनिशी चढलो होतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याची झेरॉक्स जवळ, दिवसापुरते युरो पुढच्या खिशात. रस्त्यात उभं राहून नकाशा बघायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. निघताना आई म्हणाली होती, "कुणाच्या डोळ्यावर येऊ नको बाबा." झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आमच्या घरचं प्रवासशास्त्र.

पुढे साठीतलं एक मराठी जोडपं उभं होतं. काका दर दोन मिनिटांनी मागचा खिसा चाचपत होते. म्हणजे पाकीट कुठे आहे ते अख्ख्या बसला सांगत होते. काकू मोठ्याने विचारत होत्या, "अहो, आहे ना?" मला त्यांची लाज वाटली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग काकांच्या मागे सरकलेला एक तरुण दिसला. हातावर जाकीट आडवं टाकलेलं.

"काका, पाकीट सांभाळा." तीन शब्द पुरले असते. चोराचे साथीदार असतील ही भीती होतीच, पण मी गप्प बसलो ते तेवढ्यासाठी नाही. मराठीत बोललो असतो तर मीही त्यांच्यातलाच ठरलो असतो. पुढच्या थांब्यावर तो तरुण उतरला आणि काकांचा हात रिकाम्या खिशावर गेला.

खबरदारी घेणं चूक नाही. मग चुकलं कुठे? मला वाटतं, वस्तू झाकणं आणि स्वतःला झाकणं या दोन गोष्टींची मी गल्लत केली. पैसे झाकले तर कुणाचं काही जात नाही. मी भाषा झाकली, तेव्हा किंमत काकांनी मोजली.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. हवामानापुढे त्या नमल्या, पण साडी सोडली नाही. फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय कॉलेजात १८८५ साली काढलेल्या फोटोत त्या साडीतच आहेत. शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, त्याही आपापल्या वेशात.

मी अंकुशनगरचा. अंबड तालुक्यातल्या समर्थ साखर कारखान्याभोवतीची ही वस्ती. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चालतात, तेव्हा धोका न दिसण्यात असतो. टेललाइट नसलेली ट्रॉली अंधारात मोटारसायकलवाल्याला कळत नाही, तो थेट येऊन आदळतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे रेडियम चिकटवतात, लाल फडकं बांधतात. ते ट्रॉलीपेक्षा मागून येणाऱ्यासाठी असतं. हे मी लहानपणापासून बघतोय, पण बसमध्ये आठवलं नाही.

आईचा सल्ला मी आजही पाळतो. पैसे, पासपोर्ट, आपल्याला वाट माहीत नाही ही गोष्ट, हे सगळं झाकतो. पण आता आधी एक विचारतो : मी दिसलो नाही तर नुकसान कुणाचं होईल?

त्या दिवशी काका-काकू पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांना पोलीस ठाणं शोधायचं असेल, कार्ड बंद करायला बँकेला फोन लावायचा असेल. यातलं सगळं मला करता आलं असतं. मी उतरलो नाही. व्हॅटिकन बघायला गेलो.