कोणाला पुढे करावे?



आपले धर्मगुरू कोण असावेत हे आपण ठरवत नाही. त्यांची नेमणूक बिशप करतात. परंतु पॅरिश कौन्सिलवर कोण जाईल, आपल्या वस्तीवरच्या ख्रिस्ती समूहाचे प्रमुख कोण होईल, यात आपल्याला शब्द असतो. निवड जवळ आली की पहिला प्रश्न असतो, "आपल्यापैकी कोण आहे?" ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकी कशी मोजली जाते, हे भोर-वेल्ह्याच्या लोकांना सांगायला नको. तीच सवय चर्चमध्ये आली तर काय होईल?

आद्य ख्रिस्तसभेवरही असा प्रसंग आला होता. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी लोकांनाच सात माणसे निवडायला सांगितली आणि तीन गोष्टी पाहायला लावल्या: चांगले नाव, पवित्र आत्म्याची भरपूर कृपा आणि शहाणपण. निवडलेल्यांची यादी वाचा. स्तेफनपासून निकलावपर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्याच गटातले सेवक साऱ्या समुदायाने निवडले. बहुसंख्य लोकांनी आपला माणूस पुढे केला नाही. ताट कोणाचे रिकामे राहिले, हे त्यांनी पाहिले.

चांगले नाव म्हणजे काय? संत पौल तीमथ्याला कळवतो की, धर्मसेवकाबद्दल बाहेरच्या लोकांचेही मत चांगले असावे. आपल्या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आपली घरे थोडी आणि शेजार बहुतेक हिंदू बांधवांचा. रविवारी पहिल्या बाकावर कोण बसतो, हे आपल्याला ठाऊक असते. पण तो दुकानदाराची उधारी वेळेवर देतो का, भातलावणीच्या मजुरांची मजुरी अडवतो का, बांधावरून भांडतो का, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. घरात तो कसा वागतो, हेही पौल पाहायला सांगतो.

केवळ भोळा चांगुलपणाही पुरेसा नाही. प्रेषितांनी शहाणपण मागितले होते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा ५३७ वा नियम आहे. पाहुण्याला 'नाही' म्हणता येत नाही, अशा माणसाच्या हाती पैसा देऊ नये. पॅरिश कौन्सिलचे काम तर सल्ला देण्याचे आहे. निर्णय धर्मगुरूंचा असतो. म्हणूनच तिथे होयबा उपयोगाचा नाही. जे खरे आहे ते धर्मगुरूंना आदराने, पण तोंडावर सांगणारा माणूस हवा. हे सारे गुण एकाच माणसात मिळणार नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण हिशोब लिहायला शिकवता येते, बैठक चालवायला शिकवता येते. दुबळ्यांविषयी कळवळा ऐनवेळी शिकवता येत नाही.

शेवटचा गुण समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. बाजीप्रभू देशपांडे याच हिरडस मावळातले. १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत ते घोडखिंडीत उभे राहिले. लांडगा येताच भाडोत्री मेंढपाळ पळतो, उत्तम मेंढपाळ मात्र प्राण देतो, असे प्रभू येशूने शिकवले आहे. आपल्यावर तशी वेळ क्वचित येईल. पण वाद पेटला, अफवा उठली, एखाद्या कुटुंबावर संकट आले, तर कोण थांबतो आणि कोण घरी जातो, हे आपण पाहिलेले असते.

तेव्हा नाव सुचवण्याआधी एक विचार करा. दूरच्या वाडीवर एकटी राहणारी म्हातारी आजारी पडली, तर कोणी न सांगता तिच्याकडे कोण जाते? तो पुरुष असेल किंवा स्त्री, शिकलेला असेल किंवा नसेल. त्याला बहुधा पुढे यायचेच नसते. आपणच त्याच्या दारी जाऊन विनंती करावी, आणि ते नाव आपल्या भावकीबाहेरचे निघाले तरी मागे हटू नये. पवित्र आत्मा आपल्याला ते धैर्य देवो.