जिथे आपलं कोणी नाही

माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं की नसतं, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्यांतले थोर म्हणजे कांटसाहेब. कोनिग्सबर्ग गाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख सोडून ते जन्मात कुठे गेले नाहीत. भूगोल मात्र वर्षानुवर्षं शिकवला. लग्नही केलं नव्हतं. तेव्हा हिवाळ्यात दोन रात्रींसाठी आगगाडीने कुठल्या गावी जायचं, हा प्रश्न त्यांना घरातून कुणी विचारला नसणार. विचारला असता, तर इच्छास्वातंत्र्याबद्दल त्यांनी जरा जपून लिहिलं असतं असं मला वाटतं.

आमचं अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावर. (ब्रह्मपुरीकडची अड्याळ टेकडी ती वेगळी. आम्ही टेकडीवर राहत नाही, हे परगावच्या लोकांना सांगण्यात निम्मं आयुष्य जातं.) गावात रेल्वे नाही. एसटीने भंडाऱ्याला जायचं, तिथून वरठीला, आणि वरठीच्या स्टेशनावर पाटी दिसते 'भंडारा रोड'. रेल्वेच्या भाषेत 'रोड' हा फार प्रामाणिक शब्द आहे. गाव इथे नाही, इथून गावाकडे रस्ता जातो, एवढंच ती कबूल करते. पण गाड्या मात्र चांगल्या. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की माणूस थेट कोल्हापूरला जातो, विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की मुंबईला. उलट दिशेने गोंदियावरून डोंगरगड. नागपूरला गाडी बदलली की इटारसीवरून पिपरिया, म्हणजे पचमढी. डिसेंबरात धान घरात आलेलं असतं, तुरीच्या शेंगा उकडायला सुरुवात झालेली असते, आणि माणसाच्या मनात भलतेसलते विचार येतात.

माझा भाचा लंडनला असतो. तोही डिसेंबरात याच पेचात असतो. यॉर्क की बाथ? यॉर्कला दोन तास, तिथे आगगाड्यांचं भलंमोठं संग्रहालय. बाथला दीड तास, तिथे रोमन लोकांची न्हाणीघरं. नाताळच्या दिवशी मात्र तिकडे गाड्याच बंद, म्हणून तारीख सांभाळायची. झालं, संपला त्याचा पेच. मी फोनवर विचारलं, "यॉर्कला आपलं कोण आहे रे?" तो म्हणाला, "कोणी नाही, मामा. का?"

हा 'का?' ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

कारण आमच्याकडे गाव निवडतात ते वेळापत्रक बघून नव्हे, सोयरीक बघून. नागपूर म्हणजे थोरले मेहुणे. गोंदिया म्हणजे मावसबहीण. रामटेक म्हणजे पुतणीचं सासर. चिखलदऱ्याला जायचं तर वाटेत अमरावती, आणि अमरावतीला विहीणबाई. गावाला जाऊन सोयऱ्यांकडे न उतरणं म्हणजे पिढ्यान् पिढ्या पुरेल असा अपराध. आणि उतरलं की काय होतं? पुरुषमाणूस ओसरीवर पेपर वाचतो, चहा येतो, गप्पा होतात. बाईमाणूस पाच मिनिटं टेकतं आणि "वहिनी, राहू द्या, मी लाटते पोळ्या" म्हणत आत जातं. पोळपाट बदलतो, एवढाच काय तो हवापालट.

आमच्या हिला दर वर्षी विचारलं, की उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तिथे." या उत्तराला घरोघरी त्याग समजतात. या वर्षी मात्र भाच्याचा फोन हिने ऐकला होता. हातातल्या शेंगा सोलता सोलता ही म्हणाली, "जिथे आपलं कोणी नाही, अशा गावी."

आता हा साधा प्रवासाचा प्रश्न राहिला नाही. ज्यांनी आयुष्यभर माया केली, त्यांना टाळण्यासाठी तिकीट काढणं नीतीला धरून आहे का? मी शेजारच्या भाऊंचा सल्ला घेतला. भाऊ म्हणजे व्यवहारातले चाणक्य. म्हणाले, "कायले घोर लावून राहिले गुरुजी? डोंगरगडले जा. बम्लेश्वरीचं दर्शन. देवीले चाललो म्हटलं, त कोणी रुसत नाही."

तोड बिनतोड होती. डोंगरगडला हजारावर पायऱ्या आहेत, पण रोपवेही आहे. हिने मात्र मान हलवली. "जायचं विश्रांतीला आणि नाव देवीचं घ्यायचं? मला नाही चालायचं. देवीला जाईन तेव्हा देवीलाच जाईन."

मी हिशोब करू लागलो. आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती लग्नाला, मौतीला, बाळंतपणाला किंवा देवाला. या चारांतलं एक कारण असलं, की कोणी काही विचारत नाही. 'दमले, म्हणून चालले' हे पाचवं कारण अजून कुठे चालत नाही. नोकरदार पुरुषाला रजा असते, सरकार त्याला प्रवासाचं भाडंही देतं. तीन वेळची चूल सांभाळणाऱ्या बाईने विश्रांती मागितली, तर आधी सगळे तिची तब्येत विचारतात. मग देवाचा आडोसा घेतला तर काय बिघडलं, असं भाऊंचं म्हणणं. बिघडतं ते असं, की मागून येणाऱ्या सुनेलाही तोच आडोसा शोधावा लागतो.

शिवाय आमच्या मुलखात देव नाही असं ठिकाण शोधणं सोपं नाही. पचमढी घ्या. कॅप्टन फोर्साइथ नावाच्या साहेबाने तिचा गाजावाजा केला, साहेबलोक मध्यप्रांताचा उन्हाळा तिथे काढू लागले. पण नागपंचमीला नागद्वारला आणि शिवरात्रीला चौरागडला विदर्भातली माणसं लोटतात. आता डिसेंबर आहे, यात्रा नाही, हे त्यातल्या त्यात बरं. साहेब तिथे उन्हाळ्यात गारवा शोधायला जायचा. आम्ही ऐन थंडीत आणखी थंडी शोधायला चाललो, हा वेडेपणा मला मान्य आहे. पण पचमढीला आपलं कोणी नाही. शेंगांच्या सालांचा ढीग बाजूला सारून हिने ते नक्की केलं.

"कोणी विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं.

"सांगा, बसायला चाललोत."

नागपूरला गाडी बदलायची, म्हणून थोरल्या मेहुण्यांना फोन हिनेच केला. तीन दिवस पचमढीला चाललो आहोत, येता-जाता उतरणार नाही, संक्रांतीला येऊ. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनींनी फोन घेतला आणि हळूच विचारलं, "खोलीचं भाडं किती हो तिथे?"

राहिला प्रश्न आईचा. आईचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. म्हणजे घरी कोणीतरी हवं. धाकटी बहीण तीन दिवस यायला तयार झाली. म्हणजे हिची चूल सुटणार आणि त्या तीन दिवसांपुरती बहिणीच्या गळ्यात पडणार. यॉर्कला जाणाऱ्या भाच्यासाठीही कुणीतरी गाडी हाकत असेल, कुणीतरी चादरी बदलत असेल. पण ती माणसं त्याला दिसत नाहीत, आणि बहीण मला दिसते. हिने तोडगा काढला, की पुढच्या डिसेंबरात बहिणीने जायचं आणि तिच्या सासूबाईंना आम्ही सांभाळायचं. बहिणीने तो लगेच मान्य केला. तिने गावही ठरवून ठेवलं आहे म्हणे. कुठलं ते मात्र अजून कोणाला सांगत नाही.