शितावरून भात, भागावरून मालिका

नोव्हेंबरातला शुक्रवार. बाहेर साडेचारलाच अंधार आणि समोर झोंबींची नवी मालिका. तासाभराचा पहिला भाग संपला, की तुम्ही काय म्हणता? ‘पुढचं नाही बघणार’, की ‘टुकार मालिका आहे’? दोन्ही वाक्यं आपण एकाच दमात म्हणून टाकतो. पण पहिलं वाक्य आपल्या संध्याकाळीबद्दल आहे आणि दुसरं मालिकेबद्दल. पहिल्यासाठी पुरावा लागत नाही, दुसऱ्यासाठी लागतो. तो एका भागात मिळतो का?

आपल्याकडे यावर दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकच सांगतात असं वरवर वाटतं. शितावरून भाताची परीक्षा, आणि मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. नीट पाहिलं तर हे दोन वेगळे दावे आहेत. एक शीत पुरतं, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, त्याच पाण्यात, त्याच आचेवर शिजलेला असतो. पाळण्याची म्हण मात्र भविष्य सांगते: जे पुढे होणार ते आजच दिसतंय.

मालिकेतल्या काही गोष्टी भातासारख्या असतात. संवाद कृत्रिम आहेत का, अभिनय जमलाय का, रक्तमांसाचा चिखल आपल्याला झेपतो का, हे तासाभरात कळतं. गोष्ट कुठे जाणार हे कळत नाही. ‘द वॉकिंग डेड’चा पहिला भाग ३१ ऑक्टोबर २०१० रोजी आला आणि आजही अनेक जण तो त्या मालिकेतल्या उत्तम भागांत मोजतात. पुढे २०२२पर्यंत ११ पर्वं आणि १७७ भाग झाले, आणि त्याच चाहत्यांपैकी कित्येकांनी मधेच साथ सोडली. उलट २०२३च्या ‘द लास्ट ऑफ अस’चा तिसरा भाग अचानक बिल आणि फ्रँक या दोन पुरुषांच्या अनेक वर्षांच्या संसाराकडे वळतो. ज्यांना पहिला भाग म्हणजे नेहमीचीच पळापळ वाटली आणि ज्यांनी तिथेच बंद केलं, त्यांना तो संसार दिसलाच नाही. पाळण्यातले पाय दोन्हीकडे फसवे निघाले.

आता गंमत बघा. झोंबीकथेचा विषयच मुळी घाईचा निवाडा हा असतो. समोरचा माणूस आजारी आहे की नाही, हे क्षणात ठरवायचं, नाहीतर मरायचं. ‘द लास्ट ऑफ अस’च्या पहिल्याच भागात एक सैनिक बिनतारी यंत्रावरून आलेला हुकूम ऐकतो आणि गोळी झाडतो. त्यात सारा नावाची मुलगी मरते. तिला संसर्ग झालेला नसतो, नुसता पाय दुखावलेला असतो. भागाच्या शेवटी दुसऱ्या मुलीवर, एलीवर, तपासणीचं यंत्र लाल दिवा दाखवतं, पण तिला चावा बसून तीन आठवडे झालेले असतात आणि ती ठणठणीत असते. अर्थात त्याच भागात एक लहान मूल खरोखरच बाधित निघतं. म्हणजे थांबणं हेही फुकटचं नाही.

हाच पेच जर्मनीतल्या एका चित्रपटात जास्त स्वच्छ दिसतो. ऑलिव्हिया फीवेगच्या चित्रकादंबरीवरून कॅरोलिना हेल्सगोर्डने २०१८ मध्ये ‘एंडत्साइट’ काढला. त्यात झोंबींच्या उद्रेकानंतर जर्मनीतली दोनच शहरं उरली आहेत: वायमार आणि येना. एरवी ही एकमेकांची शेजारी, लोकलने गाठता येणारी. वायमारमध्ये बाधिताला तत्काळ मारतात, तर येनामध्ये उपचार शोधतात. गोएथं आणि शिलरच्या वायमारला हा कायदा द्यावा, यातला टोमणा वेगळा सांगायला नको.

वायमारचा कायदा मूर्खपणाचा नाही. चावलेला माणूस चावणारच, हा त्यांचा अनुभव आहे. पण त्या कायद्यात एक खोट आहे. तिथे कोणी बरा होऊ शकतो का, हे कधीच कळणार नाही, कारण कोणालाही दुसरा भाग मिळतच नाही. घाईचा निवाडा चुकीचा असू शकतो एवढंच नाही, तर स्वतःला चूक ठरवू शकणारा पुरावाच तो संपवून टाकतो. मग तो कायम बरोबरच दिसतो.

म्हणून पूर्वग्रहच नकोत म्हणावं, तर तेही शक्य नाही. हाइडलबर्गच्या हान्स-गेओर्ग गाडामरने १९६०च्या ग्रंथात दाखवून दिलं, की पूर्वग्रहाशिवाय आपल्याला काहीच समजू शकत नाही. ‘फोरउर्टाइल’ हा जर्मन शब्द, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, कायद्याच्या भाषेत अंतिम निकालाआधीचा तात्पुरता निकाल असा होता. दोष तात्पुरतेपणात नाही, तो अंतिम मानण्यात आहे.

हे मालिकेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण परदेशात आपण सगळेच बराच काळ पहिल्या भागात अडकलेले असतो. मराठीत हजरजबाबी असलेला माणूस जर्मनमध्ये मान डोलावणारा होतो, त्याचा विनोद दोन वाक्यं उशिरा पोचतो. घर बघायला गेलात तर दहा मिनिटं मिळतात, मुलाखतीत पाऊण तास. इथला कायदा तरी प्रोबेत्साइट म्हणून सहा महिन्यांपर्यंत मुदत देतो, तीही दोन आठवड्यांच्या नोटिशीच्या टांगत्या तलवारीखाली. आपलेही हिशेब फारसे उदार नसतात. कांदेपोह्यांच्या एका बशीवर आपण आयुष्यं ठरवत आलो, आणि उतरल्यावर महिन्याभरात ‘जर्मन माणसं थंडच’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

सगळ्यांना नऊ भाग द्यायला आयुष्य पुरणार नाही, हे मान्य. तरी एक प्रश्न विचारता येतो: माझा अंदाज चुकला तर किंमत कोण मोजणार? मालिकेच्या बाबतीत ती मीच मोजतो, एक चांगली गोष्ट हुकते इतकंच. म्हणून ती बिनधास्त बंद करावी. पण अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर असेल, भाड्याच्या खोलीची किल्ली तुमच्या हातात असेल, तर चुकीची किंमत समोरचा मोजतो, आणि ती चूक आपल्याला कधी कळतही नाही. जिथे किंमत दुसऱ्याने मोजायची आहे, तिथे दुसरा भाग बघणं हा मनाचा मोठेपणा नाही. ते देणं आहे.