उपकार की ऋण?

देवालयाचे महाद्वार सर्वांस उघडे असले, तरी पायऱ्या चढण्याचे बळ सर्वांस सारखे नसते. म्हणून वृद्धास हात देणे हेही सेवेचेच अंग होय. आरोग्याच्या नव्या साधनांविषयी असाच विचार करावयास हवा. कर्करोगाच्या तपासणीची माहिती, रुग्णालयातील वेळ, अहवाल हे सारे आता भ्रमणध्वनीवर मिळू लागले आहे. परंतु ज्याच्या हाती यंत्र नाही, किंवा यंत्र असून अक्षरओळख नाही, त्यास ही सोय असून नसल्यासारखीच. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्या लोकांस कोविडच्या लसीसाठी आरंभी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, तेव्हा हा भेद सर्वांनी पाहिला.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत निराळा मार्ग चोखाळला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसेटिक आम्लाच्या साध्या परीक्षेने गर्भाशयमुखाची तपासणी करविली. सुमारे दीड लक्ष स्त्रियांच्या या अभ्यासात, तपासणी लाभलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले, असे 2013 मध्ये जाहीर झाले.

हे ज्ञान गरीब भगिनींच्या सहभागातून सिद्ध झाले; त्याची वार्ता मात्र प्रथम पोहोचते ती आपल्या हातातील यंत्रावर. मग ती पुढे पोहोचविणे हा उपकार कसा? ते ऋणच होय. घरी भांडी घासणाऱ्या, देवळापुढे फुले विकणाऱ्या भगिनीस तपासणीची वेळ मिळवून द्यावी. तिची इच्छा असल्यास सोबत जावे. अहवाल मात्र तिचा. त्याची वाच्यता आपण करू नये.